प्लॉटवाल्याच्या ऑफिसात दहा महिने नोकरी केली, त्याचा रिव्ह्यू

पयलेच सांगून ठेवतो, ऑफिसचं नाव लिहिणार नाही. त्याच तालुक्यात राहतो, त्याच चौकात चहा पितो अन् मालकाची गाडी रोज आमच्या घरासमोरून जाते. पण तसंही नावाची गरज नाही, नागपूरहून वर्ध्याकडे निघा, बुटीबोरी सोडली की असे ऑफिस जागोजागी दिसतात, पत्र्याचं शेड, बाहेर हिरवं गवत म्हणून अंथरलेलं प्लास्टिक, फ्लेक्सवर गोरं पोट्टं अन् त्याचे मायबाप हसून राहिले आणि खाली मोठ्या अक्षरात "समृद्धी टच". त्यातलंच एक.

मी बी.कॉम. करून घरी बसलो होतो, शेती सव्वातीन एकर, कापूस अन् तूर. प्रॉपर्टीच्या धंद्यात जायचं डोक्यात आलं ते मोठ्या बाबांमुळे. त्यांची अडीच एकर समृद्धी महामार्गात गेली, पैसा एकदम आला, आणि त्यातल्या सात लाखात त्यांनी दोन प्लॉट घेतले. "घेतले" म्हणजे नोटरी केलेलं इसारपत्र हातात, रजिस्ट्री "पुढच्या महिन्यात". तो पुढचा महिना पाच वर्षं झाले येऊनच राहिला. घरात कोणालेच तो कागद वाचता येत नव्हता, मलेही नाही, अन् मी घरातला शिकलेला. तेव्हा वाटलं की ह्या लोकांच्या ऑफिसात जाऊन बसू, पगार मिळेल आणि जमिनीत पैसा कसा लावायचा तेही फुकटात शिकू. यूट्यूबवर पण सगळे हेच सांगतात ना, की इन्व्हेस्टर व्हायचं असेल तर आधी त्या लाईनीत काम करा. तर 2023 ची दिवाळी झाल्यावर लागलो आणि 2024 चा पोळा झाल्यावर सोडलं.

इंटरव्ह्यू चहाच्या कपाएवढा झाला. गाडी आहे का, अँड्रॉइड आहे का, किती गावात ओळख आहे. पगार आठ हजार अन् वर कमिशन. मी म्हटलं सर मले शिकायचं आहे, इन्व्हेस्टमेंट समजून घ्यायची आहे, तर ते म्हणाले, "अरे इथं शिकशील तेवढं कोणत्या कॉलेजात नाही शिकणार." खोटं नव्हतं म्हणा ते, पण त्यांना जे म्हणायचं होतं ते मी शिकलो नाही आणि जे शिकलो ते त्यांना शिकवायचं नव्हतं.

पहिल्या हप्त्यात काय केलं सांगतो. एक कोरी वही दिली आणि म्हणाले ओळखीच्या दोनशे लोकांची नावं अन् मोबाईल नंबर लिही, मामा, मावसा, शाळेचे मास्तर, दुधाची डेअरीवाला, कोणीच सोडायचा नाही. मी भैताडासारखी एकशे साठ नावं लिहून दिली. ते झालं ट्रेनिंग. मग सकाळी साडेदहा ते दीड फोन लावायचे, "सर मी अमक्या ठिकाणाहून बोलतोय, दोन मिनिटं आहेत का", दुपारी फ्लेक्स बांधायला जायचं, संध्याकाळी व्हॉट्सॲपला स्टेटस टाकायचं, ते पण आपल्या पर्सनल नंबरवर, आणि रविवारी साईट व्हिजिट. साईट व्हिजिटचं मात्र कौतुक करीन, बंदोबस्त एक नंबर असायचा. नागपूरहून गाडीत लोकं आणायची, उतरल्या उतरल्या तर्री पोहा, मंडप, साउंड, आणि मधेच आमच्यातलाच एकजण उठून ओरडणार "प्लॉट नंबर चौदा बुक्ड!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. चौदा नंबर मीच सहा रविवार बुक होताना पाहिला. पोह्याला पाचपैकी साडेचार, तर्री थोडी पातळ असायची नाहीतर पाच दिले असते.

आता कमिशन. ठरलं होतं दोन टक्के, पण ते केव्हा, तर पार्टीचा पूर्ण पैसा येऊन रजिस्ट्री लागल्यावर. पार्टी हप्त्यानं पैसे भरणार, हप्ते चालणार अठरा महिने, म्हणजे पोरगं अठरा महिने टिकलं तर त्याले मिळणार. आमच्यासोबत लागलेले सात पोट्टे होते, पोळ्यापर्यंत मी अन् अजून एक उरलो होतो. बाकीच्यांच्या कमिशनचं काय झालं हे हिशोबवाल्याले विचारलं तर तो खर्रा तोंडात टाकून घ्यायचा, म्हणजे आता बोलता येत नाही. माझ्या दोन डील झाल्या, त्यातल्या एकीचे अर्धे पैसे मिळाले. पगार मात्र वेळेवर व्हायचा, दहा तारखेच्या आत, हे पण लिहिलं पाहिजे.

म्हणजे पहिले तीन महिने मी फक्त विकणं शिकलो. अन् विकणं शिकल्यानं घेणं येत नाही बरं, उलट बिघडते, कारण दिवसभर जे बोलतो ते आपल्यालेच खरं वाटायला लागते. "तीन वर्षात डबल" हे वाक्य मी रोज चाळीस वेळा बोलत होतो. एका रात्री कॅल्क्युलेटरवर बसून पाहिलं तं तीन वर्षात डबल म्हणजे वर्षाला चक्रवाढीनं 26 टक्के. बँकेच्या एफडीच्या तिप्पट-चौपट. एवढा फायदा आहे तर मालक स्वतः का ठेवून घेत नाही, आम्हाले पोहे चारून काऊन विकून राहिला, हा प्रश्न मले पडायला तीन महिने लागले.

ह्याचं उत्तर मिळालं ते जुन्या गिऱ्हाइकांमुळे. ऑफिसात महिन्यातून तीन-चार लोक असे यायचे ज्यांनी सहा-सात वर्षाआधी ह्याच मालकाच्या आधीच्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला होता आणि आता पोरीचं लग्न किंवा दवाखाना म्हणून विकायचा होता. त्यांना आमचे साहेब अतिशय प्रेमानं चहा पाजायचे आणि सांगायचे, "आत्ता विकू नका दादा, रेट वाढून राहिला." दादा म्हणायचे मग तुम्हीच घ्या ना परत, आजच्या रेटनं. तर ते म्हणायचे आमची कंपनी फक्त नवीन बुकिंग करते. मी बाजूले बसून हे ऐकून राहिलो होतो आणि पुढच्याच फोनवर मले तेच विकायचं होतं. त्या महिन्यापासून माझे कॉल पडले, आवाजातच दम राहिला नाही. टार्गेट गेलं म्हणून साहेबांनी मले कॉलिंगवरून काढून कागदाच्या कामाला लावलं, शिक्षा म्हणून. माझ्या मते तिथूनच खरी नोकरी सुरू झाली, अन् इथून पुढचा रिव्ह्यू वेगळा आहे.

ऑफिसात मागच्या खोलीत एक काका बसत, भूमी अभिलेख खात्यातून रिटायर झालेले, आयुष्यभर मोजणी केलेले. पंखा नाही, कूलर नाही, लोखंडी कपाटं आणि फायली. पोट्टे त्यांना चिडवत कारण ते कॉम्प्युटरवर एका बोटानं टाईप करायचे. मले त्यांच्या हाताखाली दिलं तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाले, "बापू, पयले खसरा पाय, मंग मालकाचं तोंड पाय." खसरा म्हणजे शेताचा सर्व्हे/गट नंबर. मग एक सातबारा पुढे सरकवला, सांग याच्यात काय लिहिलं आहे. मले नाव अन् क्षेत्र याच्या पलीकडे काही सांगता येईना. शेतकऱ्याचा पोरगा हो मी, घरी दरवर्षी पीककर्जाला सातबारा काढतो.

तर त्यांनी शिकवलेलं जेवढं आठवते तेवढं सांगतो, क्रमानं नाही सांगता येणार. सातबारावर आपण वरचं नाव वाचतो अन् खाली जातो, काका सरळ "इतर हक्क" वाल्या रकान्यात जायचे, सोसायटीचा बोजा तिथं, बँकेचं कर्ज तिथं, कुळाची नोंद तिथं, विहिरीत हिस्सा तिथं. मग भोगवटदार वर्ग एक का वर्ग दोन. वर्ग दोन म्हणजे सरकारनं दिलेली जमीन, तिचं हस्तांतरण परवानगीशिवाय होत नाही, आणि आदिवासीची जमीन असली तर बिगर-आदिवासीले घ्यायले कलेक्टरची परवानगी लागते, महसूल संहितेचं कलम 36 अ. हे दोन पाहिल्याशिवाय ते भाव विचारायचेच नाहीत. मग फेरफार, म्हणजे मालकाचं नाव बदलल्याच्या नोंदी, काढायचे, एकापाठी एक, ही जमीन ह्याच्याकडे आली कुठून, त्याच्याकडे कुठून, वाटणीत बहिणींची नावं होती ती कुठं गेली, हक्कसोड झाली का नुसतीच नावं गायब झाली. आमच्याकडे अर्धे भांडणं बहिणीच्या नावातूनच निघतात. ऑनलाईन डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयात निघते, आणि 15 रुपये वाचवायले लोकं नऊ लाखाचा प्लॉट फ्लेक्स पाहून घेऊन राहिले.

त्यानंतर तुकडेबंदी, म्हणजे ठरल्यापेक्षा लहान तुकडे पाडून शेत विकायले बंदी करणारा कायदा. आमचं ऑफिस साईडनं "फार्महाऊस प्लॉट" पण विकायचं, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाकडे, पाच हजार स्क्वेअर फूट, आंब्याची दहा झाडं फ्री. काकांनी हिशोब करून दाखवला. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारनं बागायतीसाठी 10 गुंठे अन् जिरायतीसाठी 20 गुंठे ही कमीत कमी मर्यादा ठरवली. एक गुंठा म्हणजे 1,089 स्क्वेअर फूट, म्हणजे 20 गुंठे झाले 21,780. मग पाच हजार फुटाची शेतजमीन त्या नियमात बसली कशी? बसलीच नाही, म्हणून तर त्याची रजिस्ट्री न लावता नोटरी करून देत होते. अन् वरून शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी लागते, विदर्भाला त्यासाठी कुळकायदा पण वेगळा आहे, 1958 चा. नागपूरचा नोकरदार माणूस, घरात कोणाची शेती नाही, त्यानं आंब्याच्या झाडाखाली फोटो काढला अन् नोटरीवर तीन लाख दिले. हे आम्हीच विकत होतो, म्हणून लिहितो.

"गावठाणाले लागून आहे, एनएची गरजच नाही" हे पण आमचं पेटंट वाक्य, एनए म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी. त्यात तेव्हा अर्धं खरं होतं, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीले राहण्यासाठी वेगळी एनए परवानगी काढावी लागत नव्हती, महसूल संहितेत 42 ड म्हणून होतं ते. पण रूपांतर कर भरावा लागायचा, सनद घ्यावी लागायची, लेआउटचा नकाशा मंजूर करावा लागायचा. आमच्या साईटवरून गावठाणापर्यंत मी गाडीच्या मीटरवर मोजलं, नऊशे मीटर. साहेबाले सांगितलं तर म्हणाले, "तू मोजणीवाला हायस का?"

रेराचं, म्हणजे बिल्डर अन् प्लॉटवाल्यांवर नजर ठेवणाऱ्या कायद्याचं, थोडक्यात. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर लेआउट टाकला की महारेराचा नंबर घेतल्याशिवाय जाहिरात अन् बुकिंग करता येत नाही, आणि रजिस्टर करारनामा केल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर पैसा घेता येत नाही. आमच्या एका साईटचा नंबर होता, खरा होता, मी महारेराच्या वेबसाईटवर जाऊन पाहिला. तोच नंबर दुसऱ्या साईटच्या पत्रकावर बारीक अक्षरात छापला होता. आणि टोकन म्हणून तीस टक्के घेत होते. एजंटलासुद्धा रेराचं रजिस्ट्रेशन लागते, 2023 पासून त्यासाठी ट्रेनिंग अन् परीक्षा पास केल्याचं सर्टिफिकेटही लागते. आम्हा सात पोट्ट्यांपैकी एकाकडेही नव्हतं, आणि ऑफिसात हा विषय काढणारा मी पहिलाच म्हणे.

पैशाचं गणित मात्र काकांनी नाही, मालकानंच शिकवलं, तेही चुकून. एक दिवस त्यांच्यासोबत गाडीत शेत पाहायला गेलो, शेतकरी चाळीस लाख एकर म्हणत होता, मालक परत येताना मोबाईलवर बोटं मारत मोठ्यानं हिशोब करून राहिले होते. एकर म्हणजे 43,560 फूट. रस्ते काढा, 10 टक्के ओपन स्पेस काढा, विकायला उरते साधारण पंचवीस हजार. सहाशेनं विकला तर दीड कोटी. त्यातून शेताचे चाळीस गेले, एनए, रस्ते, नाली, लाईटचे खांब, कमिशन, जाहिरात, पोहे, अन् मधात अडकलेला वेळ. मी मागच्या सीटवर गप्प बसून हे सगळं पाठ केलं. मग ध्यानात आलं की शेतकऱ्याची जमीन फुटाले नव्वद-ब्याण्णव रुपयानं उचलली जाते, अन् आमचा गिऱ्हाईक जेव्हा सहाशेनं घेते तेव्हा पुढच्या चार-पाच वर्षाची वाढ त्यानं आधीच मालकाले देऊन टाकलेली असते. फायदा झालाच तर त्याच्या वर गेल्यावर. हे एक गणित शिकायला दहा महिने गेले असं समजलं तरी माझे पैसे वसूल आहेत.

रेट खरा काय चालू आहे हे पाहायचं असेल तर ऑफिसात विचारू नका, रजिस्ट्रेशन खात्याच्या साईटवर फ्री सर्च आहे, तिथं मौजा अन् खसरा टाकून झालेल्या रजिस्ट्रीची "सूची दोन" निघते, म्हणजे कोणी कोणाले कितीत विकलं त्याचा उतारा. दिवसा साईट चालत नाही अन् कॅप्चा डोळे फोडते, रात्री अकराच्या नंतर बसा. कोणत्या लेआउटमध्ये लोकांनी दुसऱ्यांदा विकलं, ते शोधा, पहिल्या विक्रीवर जाऊ नका. आमच्या जुन्या लेआउटमधल्या रजिस्ट्र्या मी तीन रात्री शोधल्या, बिल्डरकडून गिऱ्हाइकाले अशा ढीगभर निघाल्या, गिऱ्हाइकाकडून गिऱ्हाइकाले फक्त चार. अजून एक सोपी युक्ती, बुकिंगच्या आधी एखाद्या सरकारी बँकेत जाऊन ह्या प्लॉटवर लोन देता का विचारा. त्यांच्या पॅनेलवरचा वकील कागद पाहते आणि नाही म्हणाला तर कारण विचारून घ्या, लोन घ्यायचं नसलं तरी. शहराच्या जवळ पाहत असाल तं नागपूरकडं लोकं एनएटीपी (नगररचना खात्याची मंजुरी असलेला एनए लेआउट) अन् आरएल (नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर) हे दोन शब्द विचारतात, तुम्ही नुसते विचारू नका, कागद हातात मागा.

मोठ्या बाबांची फाईल मी काकांकडे नेली ती उन्हाळ्यात. मले वाटलं होतं तासभर लागेल. त्यांनी इसारपत्रावरचा खसरा नंबर पाहिला, मले म्हणाले काढ ऑनलाईन, पाच मिनिटात सातबारा समोर. मालक म्हणून नाव अजूनही मूळ शेतकऱ्याचंच, ज्यानं इसारपत्र करून दिलं त्याचं नावच नाही. भोगवटदार वर्ग दोन. इतर हक्कात बँकेचा बोजा. काकांनी चष्मा काढून पुसला अन् विचारलं, "किती देले?" मी सांगितलं सात. ते काहीच बोलले नाहीत, उठून बाहेर जाऊन चहा सांगून आले. घरी मी हे महिनाभर सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मोठे बाबा म्हणाले, त्या अडीच एकराचा मक्ता तरी येत होता दरसाल.

तर स्टार द्यायचे म्हणाल तर सेल्सच्या टेबलाला पाचपैकी एक, तोही वेळेवर पगार आणि पोह्यासाठी. मागच्या खोलीला पाचपैकी पाच, पंखा नसला तरी. आपल्याकडच्या पोट्ट्यांना, जे मले विचारून राहिले की भाऊ लागू का तिथं, त्यांना मी हेच सांगतो की लागायचं तर मागच्या खोलीत लागा. कॉलिंगला नाही म्हणा, फाईल धरा, पटवाऱ्याकडे जायले मीच जातो म्हणा, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात दिवसभर बाकावर बसायची कोणाची इच्छा नसते तिथं तुम्ही बसा, तिथं रोज दहा सौदे डोळ्यासमोर होतात, कोणाचा कशामुळे अडकला ते फुकट ऐकायले मिळते. रजिस्ट्री झाल्यावर फेरफाराची नोटीस, मग पंधरा दिवस हरकतीचे, मग मंडळ अधिकाऱ्याची सही, हे एकदा पायानं फिरून करा, व्हिडिओत पाहून समजत नाही. आणि ऑफिसच का पाहिजे, तहसीलसमोर अर्जनवीस बसतात, वर्ध्यात सर्च रिपोर्ट करणारे वकील आहेत, त्यांना सायकलवर पळणारं पोरगं नेहमीच लागते. पगार कमी आहे, मी आता अशाच एका वकिलाकडे आहे, सहा हजार, बाकी शेतीवर. प्लॉट मी अजून एकही घेतला नाही. एक पाहिला होता सेलूत, कागद स्वच्छ, पण रेट जास्त वाटला अन् सोडला, पोरं हसली.

नातेवाइकांची यादी मात्र देऊ नका, हात जोडून सांगतो. सोडताना मी ती वही परत मागितली, म्हणाले डेटा कंपनीचा आहे. माझी एकशे साठ माणसं तिथंच आहेत. मागच्या मंगळवारी मोठ्या बाबांना त्याच ऑफिसातून फोन आला, कोणी नवीन पोरगी होती बिचारी, "सर समृद्धी टच प्लॉट आहेत, दोन मिनिटं आहेत का". फोन स्पीकरवर होता, मी बाजूलेच तूर चाळून राहिलो होतो. मोठे बाबा म्हणाले, "आहेत ना बाई, खसरा नंबर सांग." ती म्हणाली सर, सरांना विचारून सांगते.